अर्ध्या बोटाचा फरक

दि. ४ फेब्रुवारी

चि. ठकीस आजीचे पोटभर आशीर्वाद, वि. वि.

तुझं पत्र पोचलं. शेजारचे मास्तर वाचून दाखवतो म्हणून हात पुढे करून उभे होते, पण मी दिलं नाही. निवृत्त झाल्यापासून ते लोकांच्या पत्रातलं शुद्धलेखन सुधारत हिंडतात. माझी शाळा चौथीतच सुटली, तेव्हा माझ्या चुका तू पोटात घाल आणि मास्तरांना दाखवू नकोस. फोन घे म्हणून किती वेळा लिहितेस, पण बाई गं, फोनवर बोललेलं परत वाचता येत नाही. तुझं पत्र मी चहाबरोबर एकदा आणि चहा संपल्यावर एकदा वाचते.

तुझ्या प्रश्नाकडे येते, पण आधी गुडघे. गुडघे आहेत तिथेच आहेत आणि कुरकुरतात. झालं.

तू लिहितेस की तुमचे मोठे मिस्त्री, तीस वर्षं लिफ्टच्या विहिरीत लोंबकळून काम केलेला माणूस, प्रत्येक लिफ्टच्या टपावर चढण्याआधी डोळे मिटून काहीतरी पुटपुटतात. तू त्यांना छेडलंस की मोजमाप करणाऱ्या माणसाला हे शोभतं का, आणि त्यांनी तुला सांगितलं की जा, आपल्या आजीला विचार. म्हणून तू विचारतेस की देव मानणं हे शहाणपणाचं काम आहे की सवयीचं, आणि मी कधी विचार करून मानला का. केला होता विचार. जेवणाच्या सुट्टीत केला होता.

मी गणवेशांच्या कारखान्यात काजं-बटणं करायचे हे तुला ठाऊक आहे. माझ्या उजवीकडे बसायची ती देव मानायची, डावीकडची मानायची नाही. सुई दोघींच्या बोटांत सारखीच घुसायची, रक्तही सारखंच यायचं. पण उजवीकडची वर बघून देवाची खरडपट्टी काढायची आणि मोकळी व्हायची. डावीकडची दिवसभर धुमसायची आणि घरी जाऊन नवऱ्याला धारेवर धरायची. माझा नवरा, म्हणजे तुझे आजोबा, गरीब गाय. त्यांना रागावणं म्हणजे उशीला बुक्क्या मारणं. तेव्हा एका बुधवारी, तोंडात पावाचा घास असतानाच मी ठरवलं की आपणही मानायचा. असला तर ऐकेल, नसला तर नवरा वाचेल. बत्तीस वर्षांची होते. मानला तर देव नाही तर दगड म्हणतात ना, पण दगडाला चार शब्द सुनावले तरी जीव हलका होतोच की.

आता खरी बातमी. मला रोज न्यायला गाडी येते!

हसू नकोस. आमची जुनी लिफ्ट तुला आठवते, बाहेरचं दार हाताने ओढायचं, दाराला बशीएवढी गोल काच. तर गेले तीन आठवडे ती दुपारी चारला वीस कमी असताना आपणहून सातव्या मजल्यावर येते. बटण कोणी दाबत नाही. मी खुर्ची टाकून कॉरिडॉरमध्ये शिवत बसलेली असते. काचेत उजेड येतो, मग ते जड दार कोणी आतून ढकलावं तसं आपसूक उघडतं. आत कोणी नाही. आत शिरून वळून उभं राहायला जेवढा वेळ लागतो तेवढी थांबते आणि जाते.

एक गोष्ट फक्त मी पाहिली, कारण चाळीस वर्षं काजांवर डोळे गेलेत. दार उघडतं तेव्हा लिफ्टची फरशी आपल्या फरशीहून अर्धं बोट खाली असते. मग हळूच वर येते आणि बरोबर लागते. जड माणूस गाडीतून उतरला की गाडी कशी उचलली जाते, अगदी तशी. मला काही भीती वाटत नाही गं, उलट गंमत वाटते. आजोबा गेल्यापासून इतक्या वेळेवर माझ्याकडे कोणीच आलेलं नाही.

तुझ्याकडे तळमजल्यावर राहायला ये म्हणतेस ते कळलं. बघू. सध्या पाहुणे आहेत.

कळावे. माया आहे तेवढी असू दे, कमी झाली तर मला पत्राच्या जाडीवरून कळतं.

तुझी आजी

* * *

दि. ९ फेब्रुवारी

ती. आजीस ठकीचा सा. न. वि. वि.

तुझा बुधवार मिस्त्रींना वाचून दाखवला. इतके हसले की हातातला पाना पायावर पडला. म्हणाले की असल्या बाईची नात अशी कोरडी कशी निघाली.

आजी, मी कोरडी नाही. एका लिफ्टला आम्ही चार दोर लावतो. खरं तर एक पुरतो, बाकीचे तीन वेळप्रसंगासाठी. मिस्त्री म्हणतात की पाचवा दोर माझा, तो तुला दिसायचा नाही. मी म्हणते की चार मी हाताने चाचपलेत, त्यांची झीज मोजलीय. पाचवा बघितलाय कोणी? आणि न बघितलेल्या दोराच्या भरवशावर माणूस उरलेले चार तपासायला आळस करतो. देव असेल नसेल, मला भीती त्या आळसाची आहे.

आता तुझ्या पाहुण्यांचं. लिफ्ट आपणहून येते याला शंभर कारणं असतात. जुनी वायर, चिकटलेलं बटण, खालच्या मजल्यावर एखादं मोठं मशीन सुरू झाल्यावर बसणारा झटका. त्याने माझी झोप उडत नाही. उडते ती तुझ्या अर्ध्या बोटाने. माणूस उतरला की लिफ्ट उचलली जाते हे खरं, कारण ताणलेला दोर आखडतो. पण लिफ्टचं मशीन गच्चीवर असतं. तळमजल्यावर दोर लांब, म्हणून तिथे फरक जाणवतो. सातव्यावर दोर अगदी आखूड. तिथे एक माणूस उतरला तर केसभरही फरक पडत नाही. अर्धं बोट पडायला पंधरा-वीस माणसं एकदम उतरावी लागतील. तुमची लिफ्ट सहा जणांची आहे.

तेव्हा तुला तरी भास झालाय, नाही तर तिचा ब्रेक गेलाय. दुसरं असेल तर ती लिफ्ट माणसं मारू शकते. मोजून कळव. आणि तोवर तिच्यात पाय ठेवू नकोस, मी पाया पडते.

माझ्या घराला एकही पायरी नाही. खिडकीत ऊन येतं. तुझी खोली रिकामीच आहे.

कळावे. राग आला तरी पत्र पाठव.

तुझी,
ठकी

* * *

दि. १५ फेब्रुवारी

चि. ठकीस अनेक आशीर्वाद, वि. वि.

कसला राग? मोजायला सांगितलंस म्हणून मला पुन्हा कामावर घेतल्यासारखं वाटलं. टेप काढली, पण टेप बघेबघेपर्यंत फरशी वर येते. मग युक्ती केली. ओव्हरकोटाची तीन बटणं एकावर एक ठेवून दोऱ्याने बांधली आणि दार उघडल्याबरोबर पट्टीच्या टोकाने ती लिफ्टच्या फरशीवर सरकवली. वरचं बटण आपल्या फरशीला बरोबर लागलं. एकदा नाही, तीन दिवस. मास्तरांना साक्षीला बसवलं होतं. ते आधी म्हणाले की म्हातारपणी असं होतं. मग बटणं पाहून म्हणाले की त्यांना पाणी हवंय. तिसऱ्या दिवसापासून ते साडेतीनलाच आपलं दार लावून घेतात. सगळं आयुष्य मुलांना भुतं नसतात म्हणून शिकवलं त्या माणसाने.

तर भास नाही, तीन बटणं आहेत. पंधरा-वीस माणसांचं वजन म्हणतेस. मला त्यात नवल वाटलं नाही. एवढ्या लोकांची गाऱ्हाणी पोटात घेऊन फिरणारा हलका कसा असेल?

आता एक गोष्ट लिहू की नको असं झालंय, पण तुला सांगितल्याशिवाय मला पचत नाही. मास्तरांचं मांजर आहे ना, ते पांढरं, एका डोळ्याचं. ते चारच्या सुमारास कॉरिडॉरमध्ये येऊन बसतं. लिफ्टचं दार उघडलं की ते वर बघतं. तोंडाकडे बघावं इतकं वर. मग त्याची मान हळूहळू वळते, चालत्या माणसाच्या मागे नजर जावी तशी, आणि माझ्या दाराशी येऊन थांबते. रोज. परतीच्या वाटेने ती मान कधी वळत नाही. लिफ्ट जाते तेव्हा तिची फरशी खाली दबतही नाही. म्हणजे बघ, उतरतं कोणीतरी, चढत कोणी नाही. आज बत्तीस दिवस झाले.

घरात मला कधी काही दिसलं नाही हो. फक्त दुपारी मी डुलकी काढून उठते तेव्हा खोली जरा भरल्यासारखी वाटते. चार पाहुणे नुकतेच बोलायचे थांबलेत तशी. मीच मग काहीतरी विषय काढते.

आणि मी ठरवलंय. तू कोरडी नाहीस हे मला माहीत आहे, म्हणून नीट हिशेबानेच सांगते. मी शहात्तर वर्षांची. गुडघ्यांमुळे दहा महिने खाली उतरले नाही. रोज कोणी दाराशी येतो, दार धरून उभा राहतो आणि मी बसल्या जागेवरून बटणं मोजते. हे काय माणुसकीचं झालं? शिरले आत आणि तो तोच असला, तर माझं सोनं झालं. नुसतीच लिफ्ट असली, तर खाली उतरेन, कोपऱ्यावरून पाव घेईन आणि येईन. दोन्हीकडून माझाच फायदा. तुमच्या मोठ्या मिस्त्रींना विचार, यात चूक कुठे आहे.

कपडे धुवायला टाकलेत. येत्या आठवड्यात जाईन म्हणते.

कळावे. लोभ धर, पण पदर धरू नकोस.

तुझी आजी

* * *

दि. १९ फेब्रुवारी

ती. आजीस सा. न. वि. वि.

पत्र आत्ता मिळालं. हिशेबात चूक आहे. दोन बाजू नाहीत, तीन आहेत. तिसरी अशी की दार उघडेल आणि आत लिफ्टच नसेल.

हे घडतं, आजी. बाहेरच्या दाराचं कुलूप झिजलं की दार रिकाम्या विहिरीवर उघडतं. मी एकदा गेलेय अशा इमारतीत, अपघात झाल्यावर. तिथली एक बाई रोजच्यासारखी आत शिरली होती. चाळीस वर्षं फरशी होती म्हणून त्या दिवशीही असणार असं धरून. मिस्त्री तिच्यासाठी काहीतरी पुटपुटले आणि मी बाहेर येऊन रस्त्याच्या कडेला बसले.

मास्तरांना फोन केला, लागत नाही. तुमच्या इमारतीच्या कारभाऱ्याला केला. त्याला लिफ्टचा मोठा स्विच लगेच पाडायला सांगितला आणि तुला वर जाऊन निरोप द्यायला सांगितला. तो हो म्हणाला. पण तो सगळ्यालाच हो म्हणतो. म्हणून हे पत्रही टाकतेय आणि रजा मिळाली की मीही निघतेय.

कॉरिडॉरमधली खुर्ची घरात घे. देवाला काय ते मी सांगते.

ठकी

* * *

दि. २० फेब्रुवारी

चि. ठकीस आशीर्वाद, वि. वि.

तुझं पत्र अजून आलं नाही, पण मला आजच लिहायला हवं. अक्षर नाचलेलं दिसलं तर घाबरू नकोस. मी ठणठणीत आहे. खुशीत आहे म्हणालीस तरी चालेल.

आज जायचं ठरवलं होतं. निळा झगा इस्त्री केला, वेणी घातली, पिशवी घेतली. साडेतीनला जाऊन उभी राहिले. मांजर आधीच येऊन बसलं होतं. इमारत आज कशी मुकी होती, एरवी लिफ्टची घरघर भिंतीतून येते, ती नव्हती. मला वाटलं, बरं झालं, आज शांतपणे बोलता येईल.

चारला वीस कमी. काचेत उजेड काही आला नाही. पण दार उघडलं. रोज उघडतं तसंच, जरा जास्तच अदबीने. आत अंधार. मला वाटलं की दिवा गेला असेल, कारभाऱ्याला महिना लागतो दिवा बदलायला. आणि आतून अशी ऊबदार हवा आली गं, तोंडाशी तोंड आणून कोणी श्वास सोडावा तशी. मांजराने वर पाहिलं.

मी शिरणारच होते. एक पाऊल उचललं होतं. पण मनात आलं की असल्या ठिकाणी पायातल्या सपाता घालून कसं जायचं. म्हणून दाराची चौकट धरून सपाता काढल्या. आता काढल्या तर ठेवायच्या कुठे? बाहेर ठेवल्या तर पाचव्या मजल्यावरची शिंपीण येता-जाता काय उचलेल नेम नाही, माझी कात्री तिनेच नेली हे मी मरेपर्यंत म्हणणार. म्हणून मी त्या पायानेच आधी आत सरकवल्या. दोन्ही.

आणि त्या गेल्या.

फरशीवर घासल्याचा आवाज नाही, काही नाही. अंधाराने गिळल्या. मी चौकटीला घट्ट धरून उभी राहिले आणि किती वेळ गेला देव जाणे, मग खूप खालून एक आवाज आला. धप्. एकच. दुसऱ्याची वाट बघत राहिले. दोन सपाता होत्या ना. दुसरा आलाच नाही.

मग दार हळूच बंद झालं. माझ्या अंगाला लागू न देता.

मी घरात आले, चहा केला, अनवाणीच बसले आहे. खाली गडबड ऐकून मास्तर जिन्याने गेले होते, ते सांगत आले की स्विच आज सकाळपासूनच पाडलाय आणि लिफ्ट खाली बंद उभी आहे. तशी पाटीही लावलीय. तळमजल्यावर! सातव्या मजल्यावरच्या बाईने ती वाचायला लिफ्टनेच खाली जायचं की काय, असं मी विचारलं तर मास्तरांना हसू येईना.

ठके, तुझ्याआधी मलाच सुचतंय म्हणून लिहून टाकते. मला वाचवलं त्याने.

कळावे. लोभ आहे तो आजच्या दिवस दुप्पट कर.

तुझी आजी

* * *

दि. ३ मार्च

ती. आजीस सा. न. वि. वि.

सुखरूप पोचले. तिथे चार दिवस होते पण तुझ्यासमोर बोलायचं धाडस झालं नाही. तू सारखी खायला घालत होतीस आणि मी तुझ्या पायांकडे बघत होते.

सगळं तपासलं ते नीट सांगते. लिफ्ट आपणहून यायची ते तळघरातल्या धुलाईखान्यामुळे. तिथलं मोठं मशीन रोज साडेतीननंतर सुरू होतं, वायर जुनी, झटका बसतो आणि लिफ्टला सातव्याची हाक ऐकू येते. दार उघडायचं ते त्याच मशीनच्या गरम हवेने. ती विहिरीतून वर चढते, सगळ्यात वरच्या दाराला रेटते आणि त्या दाराचं कुलूप झिजून गुळगुळीत झालंय. मांजराला ती हवा कळत असणार. ऊब वर जाते, तेही वर बघतं.

आणि अर्धं बोट. मी भास म्हणाले होते, चुकले. ब्रेक गेलेलाच होता. गंमत अशी की लिफ्टच्या मागे जे वजन लोंबतं ते रिकाम्या लिफ्टहून जड असतं. ब्रेक सुटला की भरलेली लिफ्ट खाली घसरते, रिकामी वर सरकते. तुझी वर सरकायची. म्हणजे कोणी उतरत होतं म्हणून ती वर आली नाही, आजी. आत कोणीच नव्हतं म्हणून आली. तू ज्याला माणूस समजलीस ती रिकामेपणाची खूण होती.

तुला त्याने वाचवलं म्हणतेस. मी उलट म्हणते की त्याला मानलं नसतंस तर तू त्या दाराशी गेलीच नसतीस. यावर तू म्हणशील की मानलं नसतं तर सपाता काढल्या नसत्या. तेही खरं. पण आत सरकवल्यास त्या देवावर भरवसा होता म्हणून नाही, शिंपिणीवर नव्हता म्हणून. मी मिस्त्रींना हे सांगितलं तर म्हणाले की शिंपीण कोणी धाडली. या माणसाशी वाद घालून जिंकता येत नाही.

आता जे बोलले नाही ते. ब्रेक सुटलेली लिफ्ट सरकते ती सरकतच राहते. ती दर वेळी फरशीला बरोबर लागून का थांबायची, हे मला कळलेलं नाही. तीन बटणं, मग शून्य, मग थांबली. मी वर टपावर बसून बारा वेळा करून पाहिलं. माझ्यासाठी ती एकदाही थांबली नाही, दर वेळी वर जाऊन अडसराला धडकली.

आणि दुसरी सपात. एक टपावर मिळाली, हे ठीक. दुसरी तू मला शोधायला सांगितलीस आणि मी तुला सांगितलं की मोडून गेली. खोटं बोलले. ती लिफ्टच्या आत होती. बंद लिफ्टच्या आत, फरशीच्या मध्यावर, सरळ, टाच दाराकडे. सपाता पडल्या त्या दिवशी सकाळीच कारभाऱ्याने लिफ्ट रिकामी पाहून कुलूप घातलं होतं आणि किल्ली माझ्यासमोरच कमरेची काढली. टपाला एक झडप असते, पण तुमची रंगाने चिकटून बसलीय, रंगाला तडासुद्धा नाही. मी नखाने बघितलं. माझ्या अहवालात कारणाचा एक रकाना असतो. मी तीन कारणं लिहिली आणि खाली जागा उरली. ती तशीच ठेवली. आजवर कधी ठेवली नव्हती.

लिफ्ट मी कायमची बंद केलीय, वरच्या दाराला पट्ट्या ठोकल्यात. नवी बसायला वर्ष लागेल. तेव्हा आता शेवटचं विचारते. तू तिथे सातव्या मजल्यावर वर्षभर अडकून राहू नकोस. मला दिवसभर कामात तुझ्याकडचं ते दार दिसतं. ये माझ्याकडे. विश्वासाने ये की हिशेबाने ये, पण ये.

कळावे. हट्ट करतेय, रागावू नकोस.

तुझी,
ठकी

* * *

दि. ८ मार्च

चि. ठकीस आजीचे मन भरून आशीर्वाद, वि. वि.

येते.

आता तू पत्र खाली ठेवून जरा रडून घे, मी थांबते. झालं? पुढे वाच.

तुझं सगळं पत्र मी तीनदा वाचलं. वायर पटली. गरम हवा पटली. शिंपीण पटली. रिकामी असते म्हणून वर सरकते हेही पटलं, तू शिकलेली आहेस, मी बटणवाली. आणि सपातेचं माझ्यापासून लपवलंस ते मला तेव्हाच कळलं होतं. तू लहानपणीही खोटं बोललीस की कान चोळायचीस. भीती मला वाटेल म्हणून लपवलंस ना? वेडे, वाटली ती तुला वाटली. मला फक्त एवढंच वाटलं की टाच दाराकडे म्हणजे पाय आत वळलेला. सपात आत जाताना दिसतेय, येताना नाही.

तू पट्ट्या ठोकल्यास त्या दिवसापासून कॉरिडॉर शांत आहे. मांजर येतं, पण लिफ्टकडे बघत नाही. माझ्या दाराकडे तोंड करून बसतं आणि आत बघतं. काल मी त्याची नजर धरून मागे वळले तर खुर्ची, खिडकी, पलंग, सगळं जागच्या जागी. खोली मात्र भरलेली. तू म्हणतेस की कोणी नव्हतं. असेल. पण असलेच कोणी, तर तू त्यांची परतीची वाट बंद केलीस, ठके. आता आपल्या घरी आलेल्याला सातव्या मजल्यावर कोंडून मी एकटी कशी निघून येऊ? म्हणून मी परवा खोलीच्या मध्यावर उभी राहून मोठ्याने सांगितलं की रविवारी सकाळी मी जिन्याने उतरणार, ज्याला यायचं त्याने यावं. मास्तर भिंतीपलीकडे खोकले.

सात मजले आहेत. दर मजल्यावर मी बसणार, मास्तर खुर्ची घेऊन पुढे पुढे उतरणार. तसं त्यांनी कबूल केलंय, फक्त आपण मागे बघणार नाही अशी अट घातलीय. माझा एक हात कठड्याला असेल. दुसऱ्या हाताला कोणी धरलं तर मी सोडवून घेणार नाही. पण पायरी बघितल्याशिवाय पाऊल टाकणार नाही, हा शब्द तुला दिला. त्यालाही दिला.

तुझं स्टेशन आलं की डब्यात चढायची घाई करू नकोस, मी उतरेन. आणि माझ्या खोलीत एकच पलंग लावला असशील तर दुसरा लाव. दोन पलंगांच्या बाजूला तिसरा मावतो का तेही बघून ठेव. तू म्हणशील की कशासाठी. अगं, लागला नाही तर पलंग रिकामा राहील, त्यावर धुतलेले कपडे टाकू. लागला आणि नसला, तर कोणाला उभं ठेवायचं?

कळावे. लोभ आता पत्रात नको, दारात उभा कर.

तुझी आजी